पाटीपासून पोत्यापर्यंत : धंद्याच्या नावाला अक्षर निवडताना

धंद्याचे नाव ठरले की पुढचा निर्णय असतो त्या नावाच्या अक्षरांचा. दुकानाची पाटी, बिल, कापडी पिशवी, डाळीचे पोते, टेम्पोची मागची फळी आणि मोबाईलचा पडदा, सगळीकडे नाव एकाच वळणाचे दिसले तर गिऱ्हाईक ते वाचण्याआधीच ओळखते. अमरावती-अकोल्याच्या बाजारात मात्र हा निर्णय बहुधा मालक घेतच नाही. फ्लेक्स छापणाऱ्याच्या संगणकात जो फॉन्ट आधी सापडतो तो पाटीवर जातो, बिलबुक छापणारा दुसरा लावतो, पोत्यांचा पुरवठादार तिसरा. नाव एकच, पण चेहरे तीन. त्यातही इंग्रजी नाव नीट रेखाटून घेतलेले असते आणि मराठी नाव कायद्यापुरते खाली बसवलेले. खरे तर क्रम उलटा हवा. गिऱ्हाईक मराठी वाचणारे असेल, तर आधी मराठी नाव घडवावे आणि इंग्रजीने त्याला जुळवून घ्यावे.

मालावर ओळखीची खूण उमटवण्याची रीत वऱ्हाडाला नवी नाही. कापसाच्या गाठी अकोला, अमरावती, खामगावहून रेल्वेने मुंबईला जात, तेव्हा गाठ कोणत्या प्रेसची हे तिच्या अंगावरूनच कळावे लागे. १९२५ च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसचे ठरावीक चिन्ह घालणे बंधनकारक केले. अशा खुणा पत्रा कापून केलेल्या साच्यातून शाईने उमटवतात, आणि साचा म्हटला की अक्षरावर बंधने येतात. व, ब, म, घ यांच्या पोटातली पोकळी पूर्ण कापली तर मधला तुकडा गळून पडतो; म्हणून तिथे पत्र्याची बारीक पट्टी राखावी लागते. साच्याच्या अक्षरांना मध्येमध्ये दिसणारी खाच ही अशी गरजेतून आलेली आहे. आज तीच खाच ‘दणकट’ दिसावी म्हणून मुद्दाम काढली जाते, तो भाग वेगळा.

पाट्यांचे काम पुढे पेंटरांकडे होते. चपट्या ब्रशने ओढलेल्या रेघेला आपोआप जाड-बारीकपणा येई, अक्षराला सावली दिली जाई आणि लांबलचक नाव फळीच्या मापात बसवताना पेंटर अक्षरे हाताने आवळत किंवा सैल करत असे. ते कौशल्य फ्लेक्स आल्यावर मागे पडले. त्याची आठवण देणारा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट आज फुकट मिळतो. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी तो घडवला.

छापील मराठीचे वळण त्याहून जुने. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या खिळ्यांचे मूळ ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. तिरपी कापलेली बोरूची लेखणी जसे अक्षर काढते, तसे ते अक्षर होते : काही रेघा भरदार, काही केसासारख्या, आणि वळणाला डौल. पोथी, पंचांग, लग्नपत्रिका यांतून हेच वळण पिढ्यान्‌पिढ्या मराठी डोळ्यांत बसले. धंद्याच्या अक्षराविषयी बोलताना हे लक्षात ठेवावे लागते, कारण ‘जुना, विश्वासाचा’ हा भाव मराठी वाचकाच्या मनात याच वळणाशी जोडलेला आहे.

रोमन अक्षरांच्या बाबतीत पायाशी टोके असलेली आणि नसलेली अशी मुख्य विभागणी करतात. ती देवनागरीला तशीच लावता येत नाही. देवनागरी अक्षर शिरोरेषेखाली लटकते, त्याला पायाची टोके नसतात. देवनागरीत पाहायचे ते चार गोष्टींकडे : रेघेच्या जाडीतला फरक, शिरोरेषेची जाडी, अक्षराच्या पोटातली पोकळी आणि रुंदी. या चारांच्या मिश्रणातून शैली ठरते.

पहिली शैली बोरूच्या वळणाची. सराफ, आयुर्वेदिक औषधे, पुस्तकांचे दुकान, पूजासाहित्य, घराण्याचे नाव चालवणारी पेढी यांना ती शोभते. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा या घराण्यातला चांगला फॉन्ट आहे. तो घडवणाऱ्या संस्थेनेच हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट केले आहेत, त्यामुळे उतरवून घेताना नाव नीट पाहावे. जैन हस्तलिखितावर आधारलेला ‘जैनी’ आणखी जुन्या धाटणीचा आहे. तो एखाद्याच शब्दाला शोभतो. या शैलीचे दुखणे तिच्या बारीक रेघांत आहे. मागून दिवे लावलेल्या पाटीवर त्या उजेडात विरतात आणि विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यावर शाई धरत नाहीत.

दुसरी एकसारख्या जाडीची. ‘मुक्ता’, ‘हिंद’, ‘पॉपिन्स’, ‘अनेक’ ही ठळक नावे. दवाखाना, शिकवणी वर्ग, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, डाळ मिल अशा रोजच्या व्यवहाराच्या धंद्यांना ही शैली सहसा चुकत नाही. ‘पॉपिन्स’ भूमितीच्या मापात आखलेला, म्हणून थोडा परका आणि शहरी वाटतो. ‘मुक्ता’ जास्त घरचा. मुंबईच्या एक टाइप या गटाने २०२२ मध्ये आणलेल्या ‘अनेक’ची खुबी अशी की त्याची रुंदी आणि जाडी हवी तशी कमी-जास्त करता येते. लांब नावाच्या दुकानाला हे वरदानच आहे. ही शैली फार वापरली जाते आणि त्यामुळे शेजारच्या दुकानासारखीच दिसते, ही तक्रार खरी आहे. तरीही वाचता न येणाऱ्या देखण्या पाटीपेक्षा वाचता येणारी साधी पाटी केव्हाही बरी.

आवळलेल्या, उभट अक्षरांचे ‘खंड’, ‘टेको’, ‘राजधानी’ हे फॉन्ट अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे. अरुंद जागेत मोठे नाव बसवायचे असेल तर ते कामाचे. पोत्याची कड, ट्रॅक्टरचे बॉनेट, व्यायामशाळेची पाटी. वेष्टनावरच्या बारीक मजकुराला मात्र ते लावू नयेत. वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता ही माहिती २०११ च्या वैधमापन नियमांखाली येते. तिथे अक्षराची उंची किमान १ मिलिमीटर लागते आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी चालत नाही.

गोलमटोल शैलीत ‘बालू’ आणि ‘मोदक’ येतात. मिठाई, आइस्क्रीम, खेळणी, बालवाडी. ‘मोदक’ इतका भरलेला आहे की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या असतात; मोठ्या आकारात मजा येते, लहान आकारात काळे ठिपके उरतात. हस्ताक्षरासारखा ‘कलम’ घरगुती लोणची-पापड, बचत गटाचा माल यांना बरा. मात्र बांधकाम व्यावसायिकाने हस्ताक्षर लावले तर गिऱ्हाइकाला करारनामाही तसाच हाताने खरडलेला असेल अशी शंका येते.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे नावापुरती अक्षरे नव्याने रेखाटून घेणे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतून कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हे काम एका उंचीवर नेले. नाटकाचा स्वभाव त्याच्या शीर्षकाच्या अक्षरांत दिसे आणि वर्तमानपत्राच्या गर्दीतही ती जाहिरात वेगळी उठून दिसे. ‘शेगाव कचोरी’ ही पाटी वऱ्हाडातल्या बहुतेक बसस्थानकांजवळ दिसते. गावाच्या नावावर कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही. अशा वेळी एक गाडा दुसऱ्यापासून वेगळा काढायला चवीखालोखाल अक्षरच उरते. तिथे नाव रेखाटून घेण्याचा खर्च वसूल होतो.

शैली आवडली म्हणून ती नावाला मानवेलच असे नाही. आधी नाव कागदावर लिहून त्याचा आकार पाहावा. बियाण्यांच्या ‘महाबीज’चे नाव घेऊ. हे नाव लावणाऱ्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाची स्थापना १९७६ ची, मुख्यालय अकोल्यात. नावात चार अक्षरे, जोडाक्षर एकही नाही, शिरोरेषेच्या वर फक्त एक वेलांटी, खाली काहीच नाही. असे नाव कोणत्याही वळणात निभावते आणि शेताच्या बांधावर पडलेल्या रिकाम्या पिशवीवरही लांबून वाचता येते. याउलट ‘गुरुकृपा’. दोन उकार आणि एक ऋकार; रु चा उकार बाजूला चिकटतो, पण गु चा उकार आणि कृ चा ऋकार खाली लोंबणारे. खालीच टेलिफोन नंबर किंवा ‘प्रो. प्रा.’ची ओळ असेल तर टक्कर ठरलेली. ‘अंबादेवी’चा सगळा भार वर : अनुस्वार, मात्रा, वेलांटी. ‘इलेक्ट्रिकल्स’मध्ये क्ट्रि हा डोलारा आहे, आणि अनेक फॉन्टमध्ये तोच तेवढा चिरडलेला दिसतो. ‘ट्रेडर्स’, ‘ज्वेलर्स’ यांतला रफार कुठे बसतो, तेही तपासावे.

अक्षर जाड केले की ते दुरून चांगले दिसते, हा बाजारातला पक्का समज. तो अर्धाच खरा आहे. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. त्या फटीवरच ध हा घ पासून आणि भ हा म पासून वेगळा ओळखू येतो. अक्षर फार जाड केले की फट बुजते आणि ‘धनलक्ष्मी’ची ‘घनलक्ष्मी’ होते, ‘भाग्यश्री’ची ‘माग्यश्री’. ब च्या पोटातली आडवी रेघ भरून गेली की ‘बालाजी’ ओळखायला अंदाज बांधावा लागतो. ख चे पाय जोडलेले नसतील तर ‘खादी’ लांबून ‘रवादी’ वाचली जाते. म्हणून सर्वांत जाड प्रतीपेक्षा एक पायरी खालची प्रत बहुधा जास्त दूरवरून वाचता येते.

वऱ्हाडातल्या धंद्यासाठी सगळ्यात कडक परीक्षा खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दाची. वऱ्हाडी ठेचा, वऱ्हाडी थाट, वऱ्हाडी खानावळ अशी नावे भरपूर आहेत आणि त्यातला ऱ्ह हिंदीला लागत नाही. जुन्या डीटीपीत हे चिन्ह पटकन सापडत नसे, म्हणून ‘व-हाड’ असे मध्ये छोटी आडवी रेघ घालून भागवले जाई. कित्येक पाट्यांवर आजही तसेच आहे. युनिकोडमध्ये टंकन चुकले तर ‘वर्हाड’ उमटते, म्हणजे रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. चांगल्या फॉन्टमध्ये हे चिन्ह र च्या मोडलेल्या फांदीसारखे, ह ला नीट टेकलेले असते. सुमार फॉन्टमध्ये ते अधांतरी तरंगते. ‘वऱ्हाडी’ नाव असलेल्याने दुसरे काही पाहण्याआधी हे एक जोडाक्षर पाहावे.

ल आणि श यांचेही तसेच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो, हिंदीत दोन्हींचे रूप वेगळे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी रूपेच प्रमाण धरली. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण संगणकाला भाषा मराठी असल्याचे सांगितल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. ‘लक्ष्मी’, ‘शीतल’, ‘विशाल’ अशा नावांच्या दुकानदाराने हे मुद्दाम मागून घ्यावे. डीटीपीवाला आपणहून करेल याची खात्री नाही.

आता ज्या पृष्ठभागावर नाव जाणार तो पृष्ठभाग. पाटीच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की १० फुटांवरून आरामात वाचायला १ इंच उंचीचे अक्षर लागते. रस्त्याच्या पलीकडून, साधारण ६० फुटांवरून वाचायचे तर ६ इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतची धरायची. मात्रा आणि उकार धरून जागा त्याच्या पावणेदोन ते दुप्पट लागते. पाटीची उंची आधी ठरवून त्यात नाव कोंबले की वरची मात्रा चेपते, हा रोजचा प्रकार. इथल्या उन्हाचाही विचार हवा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि स्वस्त फ्लेक्सवरचा लाल-पिवळा रंग लवकर उडतो. पांढऱ्यावर लाल बारीक रेघांचे नाव दोन-तीन उन्हाळ्यांत गुलाबी धुके होऊन बसते.

उठावाच्या ॲक्रिलिक किंवा एलईडी अक्षरांत वेगळीच गंमत आहे. रोमन नावाचे प्रत्येक अक्षर सुटे बसवतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो, ही सोय. पण अनुस्वार, चंद्रबिंदू आणि कधी कधी मात्रा सुटी चिकटवावी लागते. पहिल्या वादळी पावसात तीच गळते. मग ‘आनंद’चे ‘आनद’ होते आणि ‘बँके’ची ‘बके’. रेखाटतानाच अनुस्वार शिरोरेषेला हलकेच टेकवून घेतला तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

अकोल्याच्या डाळ मिलचा माल पोत्यांतून राज्याबाहेर जातो. पोत्याची वीण जाड, छपाई रबरी ठशाने आणि रंग दोन-तीनच. तिथे एकसारख्या जाडीचे, मोकळ्या पोटाचे अक्षर आणि रुंद शिरोरेषा टिकते. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला हेच लागू. चिखलदऱ्याची कॉफी किंवा मेळघाटचा मध पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला छोट्या पाकिटातून विकायचा असेल तर गणित बदलते : छपाई गुळगुळीत, वाचक एक हात अंतरावर, तिथे बोरूच्या वळणातली नाजूक रेघही खुलते. आणि अमरावतीच्या बिझीलँड, सिटीलँडसारख्या ठोक कापडबाजारात तर एकाच रांगेत इतक्या पाट्या असतात की तिथे शैलीपेक्षा मोकळी जागा जास्त काम करते. नावाभोवती रिकामी जागा सोडणारा दुकानदार त्या गर्दीत आपोआप वेगळा दिसतो. पण पाटीचा प्रत्येक इंच पैशाने घेतला आहे या हिशेबाने तिथे मोबाईल नंबर, देवाचा फोटो आणि ‘शाखा कोठेही नाही’ हे सगळे येतेच.

मराठी आणि इंग्रजीच्या जोडीला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. नाव आधी देवनागरीत हवे आणि त्याचे अक्षर इतर लिपीतल्या अक्षराहून लहान नको. इथे एक तांत्रिक खोच आहे. संगणकात दोन्हींना सारखाच पॉइंट दिला तरी देवनागरी लहान दिसते, कारण मात्रा-उकारांची जागा त्याच मापात धरलेली असते. म्हणून मराठी थोडे मोठे घेऊन तिची शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षरांच्या माथ्याशी जुळवावी. जाडीही डोळ्यांनी जुळवावी. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकत्र घडवलेल्या असतील, जसे ‘मुक्ता’, ‘हिंद’, ‘पॉपिन्स’, तर हे काम बरेचसे तयार मिळते. इंग्रजी अक्षरे मोडूनतोडून देवनागरीसारखी दाखवणे, किंवा देवनागरीची शिरोरेषा काढून तिला रोमनचा वेष चढवणे, या दोन्ही हौशी तरुण दुकानदारांत आहेत. दोन्हींनी वाचनाचे नुकसान होते.

वऱ्हाडात तिसरी लिपीही आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी ती पाटी कायम ठेवली; मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास कायद्याची मनाई नाही, असा निर्वाळा दिला. नगर परिषद १९५६ पासून उर्दूचा वापर करत आली आहे, हेही त्या निकालात नोंदलेले आहे. पातूर, बाळापूर, अचलपूर भागातल्या दुकानदारांसाठी यातली अक्षराची बाजू अशी : उर्दूचे नस्तालिक वळण उजवीकडून डावीकडे उतरत जाते आणि त्याला मराठीच्या ओळीहून जास्त उंची लागते. तिन्ही ओळींना सारखी पट्टी दिली तर उर्दू आक्रसते.

निवड पक्की करण्याआधीची तपासणी फुकट होते. नाव खऱ्या मापात कागदांचे तुकडे जोडून छापावे, दुकानावर चिकटवावे आणि रस्ता ओलांडून पाहावे. मग नखाएवढे करून मोबाईलवर पाहावे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची झेरॉक्स काढावी, कारण बिलांचे आणि कोटेशनचे तेच होणार आहे. शेवटी नाव माहीत नसलेल्या माणसाला चालत्या गाडीवरून एकदाच दाखवावे. तो अडखळला तर फॉन्ट बदलावा, समजावत बसू नये.

हक्कांची बाजूही साधी आहे. वर आलेले बहुतेक फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. पाटी, वेष्टन, जाहिरात यांसाठी पैसे न देता वापरता येतात. बाजारात हातोहात फिरणाऱ्या विकतच्या फॉन्टच्या नकला मात्र बेकायदा आहेत. शिवाय श्रीलिपीसारख्या प्रणालीतले जुने, युनिकोडपूर्वीचे फॉन्ट छापील कागदापुरते ठीक. तो मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा वेबसाइटवर टाकला की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. म्हणून नावाची अक्षरे कशीही रेखाटलेली असोत, पत्रव्यवहाराचा आणि मजकुराचा फॉन्ट युनिकोडच ठेवावा. व्यापारचिन्ह नोंदवताना नुसता शब्द आणि रेखाटलेले नाव यांची नोंदणी वेगवेगळी करता येते. ती १० वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण होते.

आणि काम पुरे झाल्यावर रेखाटनाची मूळ फाइल, कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, मालकाने स्वतःकडे मागून घ्यावी. ती फ्लेक्सवाल्याच्या संगणकात राहिली तर पुढचा फ्लेक्सवाला फोटोवरून नाव पुन्हा आखतो, आणि दोन-चार वर्षांत पाटीवरचे अक्षर मूळ अक्षराशी जुळेनासे होते.